कृत्रिम पाणवठे आणि सॅव्हानातील वनस्पती

या पाठात आपण पुढील गोष्टी समजून घेणार आहोत :
• कोरड्या गवताळ प्रदेशात पाणी आणि चराई यांचा संबंध
• पाणवठ्याभोवती वनस्पतींची वलये कशी तयार होतात
• पाणवठ्यांची संख्या वाढवल्यावर दुष्काळात काय घडते
• पाणवठा कोठे, किती अंतरावर आणि किती काळ असावा

१. प्रस्तावना

मे महिन्यातील झाशीच्या आसपासचे एखादे माळरान डोळ्यांसमोर आणा. पारा ४५ अंशांच्या आसपास आहे, नाले कोरडे पडले आहेत, गवत वाळून पिवळे झाले आहे. रानाच्या कडेला सिमेंटची एक उथळ बशी बांधलेली आहे आणि दर दोन दिवसांनी टँकरने तिच्यात पाणी सोडले जाते. संध्याकाळी नीलगायी येतात, पोटभर पाणी पितात. पाहणाऱ्याला समाधान वाटते आणि ते चुकीचे नाही.

आता अशीच एखादी जागा काही वर्षांनी पाहिली तर काय दिसेल? बशीभोवतीची माती उघडी आणि टणक झालेली असते. त्यापलीकडे टाकळा, रुई, आघाडा अशी जनावरे सहसा तोंड न लावणारी झाडे वाढलेली असतात. वेडी बाभूळ जवळपास असेल तर तिचीही झुडपे दिसतात. चांगले गवत पाहायचे असेल तर बरेच चालावे लागते.

पाणी दिले, मग गवत का गेले? या प्रश्नाचे उत्तर एका साध्या तत्त्वात आहे. प्राणी किती चरेल हे त्याच्या पोटावर ठरते. पण कोरड्या हंगामात तो कोठे चरेल हे पाण्यावर ठरते. म्हणून पाणवठ्याची जागा निवडणे म्हणजे चराईची जागा निवडणे होय. हे तत्त्व लक्षात ठेवून पुढे जाऊ.

२. झाशीचा परिसर आणि तेथील गवत

मराठी वाचकाला झाशी ओळखीची आहे ती राणी लक्ष्मीबाईंमुळे. गवताचा अभ्यास करणाऱ्यांना ती आणखी एका कारणाने ओळखीची आहे. १९६२ मध्ये येथे भारतीय चराऊ कुरण व चारा संशोधन संस्था स्थापन झाली. या संस्थेशी संबंधित असलेल्या दबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांचा भारतातील गवताच्या आच्छादनावरील ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी देशातील गवताळ आच्छादनाचे पाच मुख्य प्रकार केले. त्यांतील एक विस्तृत प्रकार म्हणजे सेहिमा–डायकॅन्थियम. सुमारे १७.४ लाख चौरस किलोमीटर प्रदेशात पसरलेल्या या प्रकारात झाशीचा बुंदेलखंडही येतो आणि महाराष्ट्राचा पठारी भागही येतो. म्हणजे झाशीच्या माळावर जे घडते ते सोलापूर, अहिल्यानगर किंवा पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील माळासाठी परके नाही.

सेहिमा म्हणजे आपला पवना आणि डायकॅन्थियम म्हणजे मारवेल. ही दोन्ही बहुवर्षायू गवते आहेत. पावसाळ्यात पाने वाढतात, अन्न तयार होते आणि त्याचा काही भाग मुळांत व बुंध्यात साठतो. उन्हाळ्यात वरचा भाग वाळतो, पण ठोंब जिवंत राहतो आणि पहिल्या पावसाबरोबर साठ्याच्या बळावर फुटतो.

झाशीला वर्षाकाठी सुमारे ८५० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. अशा हवामानात गवताचे सलग आच्छादन आणि त्यात विखुरलेली पळस, करधई, बोर, खैर यांसारखी झाडे असे मिश्र रूप दिसते. गवत सलग आणि झाडे विरळ, अशा रचनेलाच सॅव्हाना म्हणतात. अशा जमिनीची नोंद अनेकदा पडीक किंवा विरळ जंगल म्हणून होते आणि त्यामुळे तिच्यातील गवताकडे दुर्लक्ष होते.

चराईचा दाब वाढला की हे आच्छादन पायरीपायरीने खाली उतरते. सुरुवातीला पवना आणि मारवेल कमी होतात आणि कुसळी वाढते. कुसळी कोवळी असताना जनावरे खातात. पण कुसळे आल्यावर ती तोंडाला टोचतात. दाब आणखी वाढला की ॲरिस्टिडासारखी हलक्या प्रतीची हंगामी गवते येतात. ती पावसात उगवतात, लवकर बी धरतात आणि हिवाळा संपेपर्यंत त्यांचा चारा संपलेला असतो. शेवटी उरते ती उघडी माती आणि न खाण्याजोगी तणे. या उताराला आपण ‘गवताची पायरी’ म्हणू. एखाद्या जागी कोणते गवत आहे हे पाहून तेथे चराईचा दाब किती आहे याचा अंदाज करता येतो.

३. पाणवठ्याभोवतीची वलये

गवताच्या पायऱ्या सहसा काळाच्या ओघात दिसतात. पाणवठ्याभोवती मात्र त्या एकाच वेळी, अंतरानुसार मांडलेल्या दिसतात. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ लँग यांनी १९६९ मध्ये मेंढ्यांच्या पाणवठ्याभोवतीच्या पायवाटा आणि लेंड्या यांचा अभ्यास करून या रचनेला ‘पायोस्फिअर’ असे नाव दिले. नावातील पहिला भाग पिण्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दापासून आला आहे. तो शब्द आपल्या ‘पिणे’च्या नात्यातला आहे. या पाठात आपण त्याला ‘पाणवठ्याचे वलय’ म्हणू.

पाण्यापासून बाहेर चालत गेल्यास साधारणपणे चार पट्टे भेटतात.

पहिला पट्टा, उघडी माती : सतत तुडवल्याने गवताचे ठोंब मरतात. माती दबते, पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते आणि नवे बी रुजत नाही.

दुसरा पट्टा, खतावलेली जागा : पाणी पिऊन प्राणी येथे थांबतात. दूरवर खाल्लेल्या गवतातील नत्र आणि स्फुरद शेण, लेंड्या व मूत्राच्या रूपाने येथे जमा होते. अशा मातीत टाकळा, आघाडा, गाजर गवत अशी तणे जोमाने वाढतात. माती सुपीक आहे, पण चारा नाही, अशी ही स्थिती असते.

तिसरा पट्टा, झुडपांचा : येथे गवत इतके खाल्लेले असते की वणव्याला इंधन उरत नाही. सॅव्हानात अधूनमधून लागणारी आग झुडपांची कोवळी रोपे मागे ठेवते. आग थांबली आणि गवताची स्पर्धाही कमी झाली की झुडपांना मोकळीक मिळते. भर म्हणजे वेडी बाभळीच्या शेंगा प्राणी आवडीने खातात आणि तिचे बी शेणातून पाणवठ्याच्या आसपास पेरले जाते.

चौथा पट्टा, राखलेले गवत : येथे प्राणी क्वचितच येतात. पवना, मारवेल अशी बहुवर्षायू गवते टिकून असतात. या पट्ट्याचे महत्त्व आपण पाचव्या भागात पाहू.

हे पट्टे नेहमी सुबक वर्तुळाकार नसतात. उतार, नाला, कुंपण, रस्ता यांमुळे ते एका बाजूला ताणले जातात. जमिनीचाही फरक पडतो. बुंदेलखंडातील राकर ही हलकी, खडकाळ, तांबडी जमीन तुडवल्यावर लवकर उघडी पडते आणि तिची माती पावसात वाहून जाते. मार ही काळी जमीन ओली असताना तुडवली तर दबते. मात्र उन्हाळ्यात भेगाळते आणि काही प्रमाणात स्वतःच मोकळी होते.

४. जवळचे गवत आधी का जाते? थोडे गणित

समजा, १०० नीलगायी एक किलोमीटरपेक्षा दुरून सरळ रेषेत पाणवठ्यावर येतात. प्रत्येक नीलगाय पाण्यापासून १००० ते ९०० मीटर अंतराच्या पट्ट्यात १०० मीटर चालते. शेवटच्या १०० मीटरच्या पट्ट्यातही ती तेवढेच चालते. चालणे सारखेच, पण जमीन सारखी आहे का?

वर्तुळाचे क्षेत्रफळ = ३.१४ × त्रिज्या × त्रिज्या

० ते १०० मीटरचा भाग : सुमारे ३.१ हेक्टर
९०० ते १००० मीटरचा पट्टा : सुमारे ५९.७ हेक्टर

म्हणजे तितकीच पावले आतल्या भागात १९ पट कमी जमिनीवर पडतात. प्राण्यांची संख्या न वाढताही पाण्याजवळचा प्रतिहेक्टरी दाब १९ पट होतो. पाणवठ्याजवळची जमीन उघडी पडणे हे म्हणून अटळ आहे. प्राणी जास्त झाले असा निष्कर्ष केवळ तेवढ्यावरून काढू नये. विचारायचा प्रश्न वेगळा आहे : हे वलय किती दूर पसरले आहे, आणि शेजारच्या पाणवठ्याच्या वलयाला ते भिडले आहे का?

५. पाणवठे वाढवले तर?

पाणवठ्याने प्राण्यांचे हाल थांबतात, तर अनेक पाणवठ्यांनी आणखी थांबतील, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तो तपासून पाहू. १० किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर रुंद, म्हणजे १०० चौरस किलोमीटरचे एक चौकोनी रान घ्या. पाणवठे सारख्या अंतरावर ठेवा. उदाहरणापुरते असे धरू की पाण्यापासून २ किलोमीटरपर्यंत चराईचा मोठा दाब पडतो.

| पाणवठे | पाण्यापासून सर्वांत दूरची जागा | मोठ्या दाबाखालील क्षेत्र |
|---|---|---|
| १ | ७.१ किमी | सुमारे १३ टक्के |
| ४ | ३.५ किमी | सुमारे ५० टक्के |
| १६ | १.८ किमी | १०० टक्के |

१६ पाणवठे झाले की चौथा पट्टा नाहीसा होतो. साध्या वर्षी याचा त्रास जाणवत नाही. उलट प्राणी सगळीकडे दिसतात आणि त्यांची संख्याही वाढते. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी हिशेब चुकता होतो. जवळचे गवत संपल्यावर दूरचे गवत शोधायला जावे, तर दूर असे काही उरलेलेच नसते. चौथा पट्टा म्हणजे दुष्काळासाठी राखलेली चाऱ्याची गंजी. पाणी दूर असल्यामुळेच ती राखली जाते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यानाला लागून क्लासेरी हे खासगी अभयारण्य आहे. तेथे पाणवठे दाट होते. १९८२-८३ च्या तीव्र दुष्काळात तेथील चरणारे प्राणी मोठ्या संख्येने मेले. पाणी हाताशी होते. मृत्यू उपासमारीने झाले. जेथे पाणवठे विरळ होते आणि दूरचे गवत शिल्लक होते, त्या क्रूगरच्या भागात हानी तुलनेने कमी झाली.

क्रूगरलाही स्वतःचा धडा मिळाला. तेथे १९३० च्या दशकापासून कूपनलिका खोदून पाणवठे केले गेले आणि त्यांची संख्या ३०० च्या वर गेली. उत्तरेकडील कोरड्या मैदानात उंच गवतात राहणारे रोन हे दुर्मीळ हरीण होते. पाणी आल्यावर तेथे झेब्रे स्थिरावले, त्यांच्यामागे सिंह आले आणि उंच गवतही कमी झाले. १९८६ मध्ये सुमारे ४५० असलेली रोन हरणे १९९३ पर्यंत सुमारे ४५ वर आली. त्यानंतर तेथील पाणवठे बंद करण्यात आले आणि १९९० च्या दशकात उद्यानाचे एकूण धोरणही बदलले. झेब्रे घटले, पण रोन हरणांची संख्या लगेच सावरली नाही. पाणवठा बांधणे काही दिवसांचे काम असते. त्याचा परिणाम पुसायला अनेक वर्षे लागतात.

६. आपल्याकडील परिस्थिती

आफ्रिकेतील उदाहरणे जशीच्या तशी येथे लावता येत नाहीत. तीन फरक ध्यानात घ्या.

पहिला फरक, गुरे : बुंदेलखंडात पिके निघाल्यावर गुरे मोकळी सोडण्याची ‘अन्ना’ प्रथा आहे. रानाच्या कडेला पाणवठा केला तर तेथे नीलगायींबरोबर ही गुरेही येतात. गुरांना दररोज पाणी लागते, त्यामुळे ती पाण्यापासून फार दूर जात नाहीत. वन्यप्राण्यांसाठी केलेल्या पाणवठ्याचे वलय प्रत्यक्षात गुरेच मोठे करत आहेत, असे होऊ शकते.

दुसरा फरक, क्षेत्राचा लहानपणा : पुणे जिल्ह्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र केवळ ५.१४ चौरस किलोमीटर आहे. एवढे क्षेत्र वर्तुळाकार मानले तर त्याची त्रिज्या सुमारे १.३ किलोमीटर येते. म्हणजे मध्यभागी एकच पाणवठा केला तरी दूरचे गवत म्हणावे असे फारसे काही उरत नाही. शिवाय हे अभयारण्य चिंकाऱ्यासाठी आहे आणि चिंकारा हा पाने, फळे व दव यांतील ओलाव्यावर दीर्घकाळ राहू शकणारा प्राणी आहे. लहान अभयारण्यात ‘आणखी एक पाणवठा’ हा छोटा निर्णय नसतो.

तिसरा फरक, जुने तलाव : झाशीपासून पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील सख्यासागर तलाव ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांच्या काळात, १९१८ मध्ये, मणियार नदीचे पाणी अडवून तयार झाला. २०२२ मध्ये त्याचा रामसर यादीत समावेश झाला. हाही मानवनिर्मित पाणीसाठाच आहे. पण तलाव आणि सिमेंटची बशी यांत फरक आहे. तलावाला लांबलचक काठ असतो, त्यामुळे प्राणी विखुरतात. उन्हाळ्यात पाणी मागे सरकते तसा ओलसर गाळ उघडा पडतो आणि त्यावर हिरवे गवत उगवते. बशीला काठही नाही आणि गाळपेरही नाही. सगळा दाब एका बिंदूवर येतो.

७. मग पाणवठे नकोतच का?

असे नाही. पूर्वी प्राणी उन्हाळ्यात नदीकाठी उतरत आणि पावसाळ्यात माळावर परतत. आज त्या वाटेवर शेती, कुंपणे, रस्ते आणि वस्ती आहे. वाट आपण अडवली असेल तर काही ठिकाणी पाणी पुरवणे ही आपली जबाबदारी ठरते. पाण्याच्या शोधात गावात शिरणारा प्राणी कुत्र्यांच्या किंवा वाहनांच्या तावडीत सापडतो, हेही खरे आहे. पाणवठा करण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात :

(अ) कोणासाठी? चिंकारा, काळवीट, नीलगाय आणि चितळ यांच्या पाण्याच्या गरजा वेगवेगळ्या आहेत. ज्याला गरज आहे तो प्राणी तेथे आहे का ते आधी पाहावे.

(आ) जवळचे नैसर्गिक पाणी किती दूर आहे? नव्या पाणवठ्याचे वलय जुन्याला भिडणार असेल तर जागा बदलावी. रानाचा काही भाग जाणीवपूर्वक पाण्यापासून दूर ठेवावा.

(इ) जमीन कशी आहे? उताराची हलकी जमीन, दुर्मीळ गवताचा पट्टा आणि माळढोकासारख्या पक्ष्यांच्या विणीची जागा टाळावी.

(ई) बंद कधी करणार? वाळलेले गवत खाल्ल्याने ठोंबाला फारशी इजा होत नाही. पहिल्या पावसानंतर फुटलेले कोंब वारंवार खाल्ले तर मात्र मुळांतील साठा रिकामा होतो आणि ठोंब मरतो. म्हणून नाल्यांत पाणी येताच टँकर थांबवावा. एकाच जागी कायम पाणी ठेवण्यापेक्षा दोन-तीन जागा आळीपाळीने चालवाव्यात.

(उ) गवत कोण मोजणार? बहुतेक वेळा पाणवठ्यावर आलेले प्राणी मोजले जातात. गवत मोजले नाही तर पाणवठ्याचा अर्धाच हिशेब लागतो.

८. स्वतः करून पाहा

हा उपक्रम तुम्ही गावाच्या तळ्याजवळ किंवा गुरांच्या हौदाजवळही करू शकता. अभयारण्यात करायचा असल्यास वनविभागाची परवानगी घ्या आणि प्राण्यांच्या पाणी पिण्याच्या वेळा टाळा.

एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी दोरीची चौकट घ्या. पाण्यापासून १०, ५०, १००, २००, ४०० आणि ८०० मीटरवर ती टाका. प्रत्येक ठिकाणी चार नोंदी करा : उघडी माती किती टक्के, बहुवर्षायू गवताचे ठोंब किती, तणांची व झुडपांची रोपे किती, शेण किंवा लेंड्यांचे ढीग किती. हेच किमान तीन दिशांना करा. आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर नोंद घेऊन आलेख काढा. ठोंबांची रेषा ज्या अंतरावर सपाट होते, साधारण तेथे वलय संपते. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात पुन्हा मोजा. ते अंतर वाढले असेल तर वलय पसरत आहे.

९. सारांश

कोरड्या हंगामात पाणी चराईची जागा ठरवते. प्रत्येक पाणवठ्याभोवती उघडी माती, तणे, झुडपे आणि राखलेले गवत असे पट्टे तयार होतात. पाणवठे दाट झाले की राखलेले गवत संपते आणि दुष्काळात पाणी असूनही प्राणी उपाशी राहतात. म्हणून पाणवठ्याचे नियोजन करताना पाणी कोठे द्यायचे याइतकेच ते कोठे द्यायचे नाही हेही ठरवावे लागते.

स्वाध्याय

१. पाणवठ्याजवळची माती सुपीक असूनही तेथे चांगला चारा का नसतो?
२. क्लासेरीमध्ये पाणी असूनही प्राणी का मेले, ते तुमच्या शब्दांत सांगा.
३. १०० चौरस किलोमीटरच्या चौकोनी रानात ९ पाणवठे सारख्या अंतरावर ठेवले, तर पाण्यापासून सर्वांत दूरची जागा किती अंतरावर असेल? मोठा दाब १.५ किलोमीटरपर्यंत धरल्यास किती क्षेत्र त्याखाली येईल?
४. तुमच्या परिसरातील एखादा पाणवठा निवडा. तो उन्हाळ्यात कोण वापरते, पावसाळ्यात काय होते आणि तो बंद केल्यास कोणाचे काय बिघडेल, यावर टिपण लिहा.